तिगावच्या शिवारातील शेतकरी दांपत्य : जुन्या कागदपत्रांतील शोध

देवस्थानच्या महाजनांच्या नोंदवहीत नवीन नाव दाखल करावयाचे झाले म्हणजे अर्जदारास आपला वंशसंबंध सिद्ध करावा लागतो. मग माळ्यावरची पेटी खाली येते, तीतील पिवळे पडलेले कागद उन्हात पसरले जातात आणि बाप, आजा, पणजा अशी पुरुषांची साखळी जुळविली जाते. साखळी जुळली की काम झाले. पणजीचे नाव काय होते, हे कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच तर घरातील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. गोमंतकात गावकरीची जोण पुरुषांच्याच नावे चाले, महाजनकीही पुरुष वंशजांकडेच चालत आली. यास्तव या विस्मृतीचे कोणास नवल वाटत नाही. तथापि वंश हा एकट्या पुरुषाचा कधीच नसतो. ज्या घराचा इतिहास लिहावयाचा त्या घराच्या निम्म्या माणसांची नावेच गेली असतील, तर त्या इतिहासास इतिहास कसे म्हणावे, हा प्रश्न स्मरणिकेच्या निमित्ताने तरी विचारून पाहण्यासारखा आहे.

या शोधासाठी गोमंतकापासून दूरचे एक गाव मुद्दाम निवडले आहे. कारण असे की, गोव्यात कागद पोर्तुगीजांनी ठेवले आणि त्या गावात इंग्रजांनी. दोन्हीकडची माणसे मात्र मराठीच्या छायेत वाढलेली. एकाच तऱ्हेच्या संसाराची नोंद दोन राजवटींनी कशी वेगवेगळी केली, हे ताडून पाहिल्याशिवाय कागदाचा स्वभाव नीट कळत नाही.

हे गाव म्हणजे पांढुर्ण्याजवळचे तिगाव. नागपूर–इटारसी लोहमार्गावर सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी तिगावचे स्थानक आहे आणि तेथून पुढे चिचोंड्याकडे जाताना गाडी घाट चढू लागते. घाटावर बैतूल जिल्ह्यातील मुलताई, जेथे तापी उगम पावते. घाटाखाली जाम आणि कन्हान या नद्यांचा, काळ्या मातीचा, ज्वारी-कपाशीचा मुलूख. सौंसर आणि पांढुर्णा हा भाग भाषेने व चालीरीतीने वऱ्हाड-नागपुराला लागून असलेला; परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला. छिंदवाडा जिल्ह्यातून सौंसर व पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला.

येथील राजवटींचा क्रम थोडक्यात सांगितला म्हणजे पुरे. प्रथम देवगडचे गोंड राजे, मग नागपूरकर भोसले. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी औरस पुत्रावाचून वारले आणि पुढील वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. आपणांस ज्या नवराबायकोचा माग काढावयाचा आहे ती साधारणपणे याच संधिकाळात जन्मलेली, म्हणजे १८५० च्या आगेमागे. कुणबी म्हणा किंवा भोयर-पवार म्हणा. दोन बैलांची शेती, एक कुडाचे घर, अंगणात तुळस. कोण्या एका घराण्याची ही हकीगत नव्हे, म्हणून नावे घातलेली नाहीत. या शिवारातील कोणत्याही जुन्या घराला जे कागद लागू पडतात, तेच येथे एकेक करून उलगडावयाचे आहेत.

पहिला आणि सर्वांत भारदस्त कागद बंदोबस्ताचा. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात पहिली दीर्घ मुदतीची जमीनबंदी केली. तिला त्या भागात बंदोबस्त हाच शब्द रूढ आहे. गावोगाव मोजणी झाली, शेतांना क्रमांक पडले, नकाशे निघाले. भोसल्यांच्या अमदानीत जो मनुष्य गावचा वसूल भरण्याची जबाबदारी घेत असे, त्यास या बंदोबस्ताने मालगुजार म्हणून गावाचा मालकच ठरविले. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली तो त्याचे कूळ झाला. कुळांचेही प्रकार पडले. काही थोड्यांस आपल्या तुकड्यापुरती मालकी मिळाली, त्यांना मलिक-मकबुजा म्हणत. काही जुन्या कुळांना वंशपरंपरेचा पक्का हक्क मिळाला. काहींना सतत बारा वर्षे जमीन कसल्याच्या आधारावर वहिवाटीचा. आणि उरलेले साधे कूळ. आपला शेतकरी या चारांपैकी कोणत्या रकान्यात बसला, यावर त्याच्या नातवंडांचे नशीब ठरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या बंदोबस्ताच्या मिसलीत खसरा असतो, म्हणजे शेतवार नोंद. जमाबंदी असते, म्हणजे कोणाकडे किती जमीन व तिचा खंड किती याची यादी. आणि वाजिब-उल-अर्ज नावाचा एक मोठा मनोरंजक कागद असतो. गावच्या रूढी त्यात लिहिलेल्या असतात. जंगलातून लाकूड कोणी किती न्यावे, गुरे कोठे चारावीत, गावठाणात घर बांधण्यास कोणाची परवानगी लागते, अशा गोष्टी त्यात येतात. घराण्याचा शोध घेणारे लोक खसऱ्यात आपल्या पणज्याचे नाव सापडले की मिसल मिटवितात. खरे म्हणजे तो मनुष्य कसा जगत होता हे वाजिब-उल-अर्जाच्या पानांवरच जास्त कळते; परंतु तेथे त्याचे नाव नसते, म्हणून ते पान कोणी वाचीत नाही.

खसऱ्यात नवऱ्याचे नाव सापडेल. नाव, वल्द म्हणून बापाचे नाव, जात, राहणार. अक्षर पटवाऱ्याचे, आणि पटवाऱ्याच्या लहरीप्रमाणे एकाच मनुष्याचे नाव एका वर्षी एका तऱ्हेने, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले. जुने कागद कोठे मोडीत, कोठे बाळबोध लिपीत, आणि शब्द अर्धे फारसी. त्यातच वर्षगणनेचा घोळ. एका कागदावर शके, दुसऱ्यावर विक्रम संवत, तिसऱ्यावर फसली आणि चौथ्यावर इंग्रजी सन. फसलीचेही उत्तरेकडील व दक्खनी असे दोन प्रकार असून त्यांत दोन-तीन वर्षांचे अंतर पडते. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बापाच्या आधी मुलगा जन्मल्याच्या वंशावळी तयार होतात!

आता बायको. या सबंध मिसलीत ती कोठेच नाही. घर तिचे, निंदण तिचे, कापूस वेचणे तिचे, जात्यावर बसणे तर तिचेच; पण जमाबंदीला या कामांसाठी रकाना नव्हता. तिचे नाव कागदावर येण्यासाठी एकच वाट होती, ती म्हणजे नवऱ्याचे मरण. तेव्हा ती ‘बेवा’ म्हणून येते. अमकी बेवा अमका. नवरा जिवंत असता जे ‘जौजे’ म्हणून क्वचित एखाद्या रोख्यावर लिहिले गेले असेल ते सोडले, तर तिच्या आयुष्यातील पहिली सरकारी नोंद ही तिच्या वैधव्याची नोंद असते.

तीही प्रत्येक विधवेच्या वाट्याला येत नसे. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबात नवरा वारला तर त्याचा हिस्सा भावांकडे व पुतण्यांकडे जाई आणि विधवेस अन्नवस्त्राचा तेवढा हक्क राही. नवरा विभक्त असेल आणि मुलगा नसेल तरच जमीन तिच्या नावे होई, आणि तीही तिच्या हयातीपुरती. मुलगे लहान असतील तर नाव मुलांचे लागे व पुढे ‘अ.पा.क. आई’ अशी तीन अक्षरे व एक शब्द येई. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. या साडेतीन अक्षरांत किती कष्ट सामावलेले असतात, ते ज्यांच्या घरी अशी आई होऊन गेली त्यांनाच ठाऊक. आणि तिने पाट लावला तर? कुणब्यांत पाटाची चाल सर्रास होती. परंतु १८५६ च्या विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्यानेच असे ठरविले होते की, दुसरे लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपावा. विधवेला मोकळीक देणाऱ्या कायद्याने तिला कागदावरून पुसून टाकण्याचीही सोय करून ठेवली. पाट लागल्यावर ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी, बहुधा दुसऱ्या नावाने राहू लागते आणि तिगावच्या दप्तरापुरती ती संपते.

येथे गोमंतकाकडे वळून पाहणे भाग आहे. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, नवराबायकोची मिळकत उभयतांची समाईक होते आणि बायको अर्ध्या हिश्शाची धनीण ठरते. स्थावर विकावयाचे असल्यास नवऱ्याला बायकोची संमती घ्यावी लागते. परिणामी गोव्याच्या जुन्या विक्रीपत्रांत, गहाणखतांत व मृत्यूनंतरच्या मिळकतीच्या यादीत ‘अमका व त्याची पत्नी अमकी’ अशी दोन नावे शेजारी शेजारी उभी असतात. ती लिहिणारी नसेल तर तिच्या वतीने दुसरा सही करी; पण नोटरीपुढे तिला यावे लागे. सुधारणा करावी म्हणून पोर्तुगीजांनी हे केले असे कोणी समजू नये. त्यांच्या देशातील जुनी रूढी त्यांनी येथे आणली, इतकेच. जोण व महाजनकी यांतून जी वगळली गेली, तीच बाई नोटरीच्या वहीत सापडते. तिगावची तिची समकालीन मात्र एका वहीत नाही आणि दुसऱ्याही नाही. दोघी एकाच तऱ्हेने रांधीत होत्या, एकाच तऱ्हेने मुले वाढवीत होत्या. फरक पडला तो ज्या कचेरीत त्यांच्या नवऱ्यांचे कागद झाले त्या कचेरीच्या कायद्यामुळे.

सरकारी कागदातून पेटीतील कागदाकडे यावे. एकोणिसाव्या शतकातील या दांपत्याच्या ऐन उमेदीच्या काळापूर्वीच कपाशीने सारा मुलूख हलवून सोडला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली. कापूस विकणारा शेतकरी आता लिव्हरपूलच्या भावाला बांधला गेला आणि भाव पडला की सावकाराला. म्हणून पेटीत सापडणारे बहुतेक कागद कर्जाचे असतात. मुद्रांकाच्या कागदावरचा रोखा, खाली अंगठा किंवा निशाणी म्हणून नांगराचे चित्र, बाजूला दोन साक्षीदार. हा कागद नवऱ्याच्या नावाचा असतो. परंतु त्यात तारण म्हणून जे लिहिलेले असते तिकडे लक्ष द्यावे. गोट, पाटल्या, सरी, पायांतले तोडे. त्यांचे वजन तोळ्यांत काटेकोर दिलेले असते. वस्तू तिच्या, नाव त्याचे. तिच्या माहेरने काय घातले होते, याची इतकी नेमकी यादी दुसरीकडे कोठेही मिळत नाही. फार तर लग्नाच्या आहेराच्या यादीत, आणि ती यादी सहसा कोणी जपून ठेवीत नाही.

जनगणनेकडून आशा बाळगू नये. मध्य प्रांतात १८६६ व १८७२ साली शिरगणती झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी होऊ लागली. पण हाती राहिले ते आकडे. घरोघरच्या नावांचे तक्ते जपले गेले नाहीत.

कोटवाराच्या वहीची गोष्ट वेगळी. गावात मूल जन्मले किंवा माणूस मेले की कोटवाराने ते ठाण्यात जाऊन कळवावयाचे, अशी पद्धत मध्य प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. कोटवारास बहुधा लिहिता येत नसे. वही त्याच्याजवळ, अक्षर दुसऱ्याचे. नोंद अशी असते की अमक्या कुणब्यास मुलगी झाली. मुलीचे नाव नाही, कारण बारसे व्हावयाचे असते. आईचे नाव नाही, कारण ते लिहावे असे कोणास वाटलेले नसते. तरीसुद्धा या वहीइतकी हृदयद्रावक दुसरी वही नाही. एकाच बापाच्या नावापुढे दोन-दोन वर्षांच्या अंतराने आलेले जन्म मोजावेत आणि मग मृत्यूच्या पानांवर त्यांतील किती परत भेटतात ते पाहावे. ताप, देवी, पटकी. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा, म्हणजे शके १८२१, विक्रम संवत १९५६. उत्तरेकडचे लोक ज्याला छप्पन्या म्हणून ओळखतात तो. या वर्षांची पाने भराभर भरतात. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झात तर मध्य प्रांताची दशा फारच वाईट झाली. आपल्या दांपत्यापैकी जो कोणी तोपर्यंत जगला असेल त्याचा शोध त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत आधी घ्यावा.

आतापर्यंतच्या सर्व कागदांत बायको नावाने भेटली ती फक्त बेवा म्हणून. तिला नावाने ओळखणाऱ्या वह्या सरकारी नाहीत. भोयर-पवारांच्या घरी वंशावळ सांगणारे भाट येत; कोल्हापूर-बेळगावकडे जसे हेळवी येतात तसे. भाटाच्या पोथीचा भर कुळावर व मूळ गावावर असतो. त्यातील आरंभीच्या पिढ्या धारच्या परमार राजांना नेऊन भिडविलेल्या असतात. त्या भागावर इतिहास म्हणून विसंबू नये. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या मात्र त्याने देणगीच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात, आणि देणगीचा हिशेब चुकवून भाटाचे चालत नाही. मुलीचे लग्न कोणत्या कुळात झाले याची नोंद तेथे मिळण्याची शक्यता असते. कारण सगोत्र विवाह टाळण्यासाठी ती माहिती लागे.

त्याहून विश्वासाची वही तीर्थोपाध्यायांची. प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर या ठिकाणी गावागावांच्या यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या आहेत. यात्रेकरू आला की बरोबर कोण, घरी कोण, मागे कोण वारले, हे लिहून घ्यावयाचे आणि खाली सही किंवा निशाणी. येथे बायकांची नावे असतात. का असतात, याचे कारण श्राद्धविधीत आहे. पिंडदानाच्या वेळी बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही उच्चार करावा लागतो. शिवाय आईच्या माहेरचे मातामहादि तिघे सपत्नीक. जमाबंदीला जिचे नाव नको होते, तिचे नाव घेतल्याशिवाय पिंड पुढे सरकत नाही. खेड्यातील शेतकरी आयुष्यात एकदाच प्रयागला किंवा गयेला गेला असेल, तोही बहुधा बापाच्या अस्थी घेऊन. पण त्या एका भेटीत त्याने आईचे, आजीचे नाव सांगितले आणि ते लिहिले गेले. तिगावच्या बाईच्या नावाचा पत्ता गंगेच्या काठी लागावा, हे विलक्षण खरे, परंतु तसे घडते.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत पुष्कळ घरांत होती. सासरच्या वहीत एक नाव, माहेरच्या तोंडी दुसरे. पहिली बायको वारल्यावर दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालण्याचीही चाल होती. म्हणून देव्हाऱ्यात किंवा जुन्या दागिन्यांत असा टाक आढळल्यास त्या घरात पणजी एक नसून दोन होत्या, असे समजावे आणि कोणती मुले कोणीची हे नव्याने तपासावे.

या शोधात काय हाती लागू शकते व काय कायमचे निसटते, हे कळण्यासाठी खानदेशातील एक सर्वज्ञात घर पाहावे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली एका शेतकऱ्याच्या घरी मुलगी जन्मली. माहेरचे आडनाव महाजन. १८९३ साली, तेराव्या वर्षी, तिचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. १९१० साली नथूजी वारले, पदरी लहान मुले. नांगर, पेरणी, मळणी, जाते, चूल, यांत तिचे आयुष्य गेले आणि १९५१ च्या डिसेंबरात ती वारली. केवळ सरकारी दप्तराच्या रीतीने पाहिले तर या बाईबद्दल यापेक्षा अधिक काही कळण्याचे साधन नव्हते. जन्म, लग्न, वैधव्य, मरण. तिला लिहितावाचता येत नव्हते. परंतु कामे करता करता ती ओव्या रचून म्हणे, आणि तिचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही टिपून ठेवल्या. तिच्या मृत्यूनंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. एका घरातील एका वहीमुळे एकोणिसाव्या शतकात संसाराला लागलेल्या एका शेतकरी दांपत्याचे शेत, त्याची माती, बाईचे मन, सारे महाराष्ट्राला दिसले. ती वही नसती तर? मुलगा कवी नसता तर? असोद्यापासून तिगावपर्यंत असंख्य जात्यांवर असेच काही रचले जात होते. कागद नव्हता, एवढेच त्या बायकांचे न्यून.

गावाची स्मृतीसुद्धा नावे जपतेच असे नाही. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा मारा चालतो. माणसे जायबंदी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. या चालीमागे जी कथा सांगतात ती एका प्रेमी जोडप्याची आहे. मुलगा पांढुर्ण्याचा, मुलगी सावरगावची. पळून जाताना नदीतच दोघांना दगडांनी गाठले. दरवर्षी हजारो लोक त्या दोघांसाठी नदीकाठी जमतात, पण कथेत त्यांना नावे नाहीत. मुलाचे गाव आठवते, मुलीचे गाव आठवते, माणसे हरवली आहेत.

हा सारा खटाटोप केवळ हौसेचा आहे, असे कोणी म्हणेल तर ते आता खरे नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांची दाखल-खारीज पुस्तके, महसुलाची जुनी दप्तरे यांची पाने उलटली जाऊ लागली. मोडी वाचणाऱ्यांचा शोध घेण्याची वेळ आली. इतर मागासवर्गीयांच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून ज्या वह्यांना पूर्वी वाळवी लागली तरी कोणी विचारीत नव्हते त्यांना एकाएकी मोल आले. ही चांगली गोष्ट झाली. परंतु या शोधातही माणसे जे पान शोधतात ते बापाच्या बाजूचे. आजीच्या माहेरचे पान त्याच वहीत, पुढच्याच गावाच्या नोंदीत असते, आणि ते न वाचताच वही परत गठ्ठ्यात जाते.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला आणि विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण मालकी झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्मतः हिस्सेदार ठरली. येथून पुढच्या कागदांत बायकांची नावे मिळतील. शोध घ्यावयाचा आहे तो त्यांच्या मागच्या पिढ्यांचा, आणि त्या पिढ्यांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत अशा वृद्ध स्त्रिया घरोघर आता मोजक्याच उरल्या आहेत. म्हणून आरंभ कचेरीपासून करू नये. घरातील सर्वांत वयस्क बाईपाशी बसावे आणि तिला तिच्या सासूचे, आजेसासूचे नाव, त्यांचे माहेर, माहेरचे नाव व सासरचे नाव, असे सारे वेगवेगळे विचारावे. नवऱ्याकडच्या मंडळींपेक्षा सुनेला हे जास्त ठाऊक असते; कारण सासूने जे सांगितले ते सुनेलाच सांगितले.

आणि एक विशेष प्रश्न पितृपक्षाबद्दल विचारावा. भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, सौभाग्यवती असता जी गेली, तिचे श्राद्ध त्या दिवशी करतात. जमाबंदी, खसरा, कोटवाराची वही यांपैकी एकही कागद हाती नसताना एवढ्या एका रीतीवरून नवराबायकोपैकी आधी कोण गेले, हे कळते. तिगावच्या एखाद्या घरी पणजीसाठी नवमीस पान वाढले जात असेल, तर ‘बेवा’ म्हणून तिचे नाव जमाबंदीत धुंडाळण्यात दिवस घालवू नयेत. ती तेथे असणार नाही. पणज्याच्या मृत्यूच्या आधीची कोटवाराची वही मागवावी आणि मृत्यूच्या पानांवर, त्या घराच्या नावापुढे, ‘बायको’ एवढाच शब्द कोठे लिहिला आहे का, ते पाहावे.